स्क्रीन मोठी असली तरी दाखवायचे पान एकच

पेठच्या व्यापाऱ्याचे तोंड दोन बाजारांकडे आहे. पूर्वेला घाट ओलांडून सुमारे ५५ किलोमीटरवर नाशिक, आणि पश्चिमेला कपराडा, नानापोंढ्यावरून वापी-वलसाड. नागली, वरई, खुरासणी, भात, आंबा यांचा भाव दोन्हीकडे विचारावा लागतो. फर्निचरवाला, ग्रील-गेट करणारा, शिवणकाम करणारा यांनाही मोठे काम हवे असेल तर तालुक्याबाहेरच नजर टाकावी लागते. पावसाळ्यात सावळघाटात धुके उतरले, कुठे दरड आली, की नाशिकची एक फेरी म्हणजे धंद्याचा एक दिवस गेला. म्हणून २०२० च्या टाळेबंदीत नाइलाजाने सुरू झालेला व्हिडिओ कॉल टाळेबंदी उठल्यावरही आपल्या दुकानांतून गेला नाही. भाव, नमुना, एस्टिमेट, हिशेब, सारे काही आता कॉलवर दाखवले जाते. यात वाईट काही नाही. भाडे वाचते, वेळ वाचतो.

पण दाखवण्याच्या पद्धतीबद्दल आमची तक्रार आहे. दुकानात लॅपटॉपला मोठी स्क्रीन जोडलेली असते, काही ठिकाणी तर सरळ भिंतीवरचा टीव्ही एचडीएमआय केबलने जोडलेला असतो. कॉल लागला, समोरच्याने 'दाखवा' म्हटले, की आपला माणूस 'शेअर' दाबतो आणि सगळीच्या सगळी स्क्रीन त्याच्यापुढे मांडतो. दाखवायचे असते एक कोष्टक किंवा एक नकाशा, आणि जाते मात्र संपूर्ण दुकान. याचे दोन तोटे होतात. पहिला फक्त गैरसोयीचा आहे, दुसरा इमानाचा आहे. आधी पहिला पाहू, कारण तो मोजून दाखवता येतो.

समजा, पेठमधल्या एका कारागिराला नाशिकच्या एका बांधकामवाल्याकडून १२ फ्लॅटांच्या कपाटांचे काम मिळण्याची आशा आहे. कारागिराच्या मुलाने २७ इंची स्क्रीनवर एका बाजूला नकाशा, दुसऱ्या बाजूला प्लायवूड, सनमायका, बिजागऱ्या यांचा हिशेब असे छान मांडून ठेवले आहे. समोरचा माणूस मात्र साइटवर उभा आहे आणि त्याच्या हातात साडेसहा इंची मोबाइल आहे. २७ इंची स्क्रीनची रुंदी सुमारे ६० सेंटिमीटर भरते. मोबाइल उभा धरला तर त्याची रुंदी सातच्या आतबाहेर. म्हणजे आपल्याकडे ६० सेंटिमीटरवर पसरलेले चित्र तिकडे सात सेंटिमीटरमध्ये बसवले जाते, जवळजवळ नववा हिस्सा. आपल्याला ३ मिलिमीटर उंचीचा दिसणारा आकडा तिकडे एक तृतीयांश मिलिमीटर उरतो. मोबाइल आडवा केला तरी चित्राची रुंदी १२ सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. ४३ इंची टीव्ही असेल तर त्याची रुंदी ९५ सेंटिमीटर, तिथे हा हिशेब आणखी बिघडतो. आपण स्क्रीन जितकी मोठी घेतली तितके गिऱ्हाइकाला कमी दिसू लागले, असा हा उलटा व्यवहार आहे!

कोणी म्हणेल, समोरचा बोटांनी चित्र मोठे करून पाहील. पाहील, पण मग कोपऱ्यातला एकच तुकडा त्याच्यापुढे राहतो आणि आपण कुठे बोट ठेवून बोलतो आहोत हे त्याला कळत नाही. त्यात नेट कमजोर असेल, आणि डोंगराआडच्या गावात ते असतेच, तर मोठे केलेले अक्षर धुरकट होते. फोर-के म्हणतात त्या स्क्रीनवर ३८४० बाय २१६० ठिपके असतात. साध्या फुल एचडीच्या १९२० बाय १०८० च्या बरोबर चौपट. एवढे ठिपके घाटातल्या सिग्नलवरून जसेच्या तसे जात नाहीत. कॉलचा प्रोग्रॅम ते कमी करून, दाबून पाठवतो, आणि त्या दाबात सर्वांत आधी बारीक अक्षर मरते. याउलट स्क्रीनचा फक्त कामाचा चौथा हिस्सा पाठवला, तर तोच हिस्सा समोरच्याच्या मोबाइलची सगळी जागा भरून बसतो आणि आकडे दुप्पट मोठे दिसतात. नवीन खर्च शून्य.

आता दुसरा तोटा. जुन्या किराणा दुकानात गिऱ्हाइकाला त्याची उधारी दाखवायची असली की दुकानदार वही उघडायचा, त्याच्या पानावर बोट ठेवायचा आणि शेजारच्या पानावर सहज आपला तळहात आडवा ठेवायचा. ही रीत कोणी शिकवली नव्हती. शेजारच्या पानावर दुसऱ्याचे नाव आहे, त्याचे देणे आहे, त्याच्या घरातल्या अडचणीचा पुरावा आहे, आणि तो आपल्याकडे अमानत म्हणून आहे, एवढी समज पुरेशी होती. आज वही टॅलीत गेली, एक्सेलमध्ये गेली आणि तळहात कुठेतरी हरवला. पूर्ण स्क्रीन शेअर होते तेव्हा मागे उघडी असलेली येणेबाकीची यादी दिसते. खाली व्हॉट्सअॅपचा निरोप चमकतो: 'सेठ, चेक दोन दिवस थांबवा.' डेस्कटॉपवर कोणाच्या आधार कार्डाची फाइल असते, तर कुठे जीएसटीच्या पासवर्डची चिठ्ठी. वापीच्या व्यापाऱ्याला नाशिकच्या व्यापाऱ्याचा भाव दिसला, की पुढच्या सौद्यात तो आपला हात पिरगाळणारच. तो तोटा आपला. पण ज्याची उधारी उघडी पडली त्याचा तोटा कोण भरून देणार? त्याने तर कॉलही लावला नव्हता.

कारागिरांच्या बाबतीत हीच गोष्ट डिझाइनला लागू पडते. मालेगावच्या रंगीत साड्यांच्या धंद्यात काठाची, पदराची नक्षी हीच कमाई असते. एका पार्टीसाठी बसवलेली नक्षी तिच्या मालाआधी दुसऱ्याच्या मागावर चढली, तर पहिल्या पार्टीचा विश्वास गेलाच म्हणून समजा. सुरतच्या खरेदीदाराला एक बॉर्डर दाखवताना आख्खा फोल्डर उघडा असेल, लहान लहान चित्रांची रांग दिसत असेल, तर त्याला स्क्रीनशॉट घ्यायला एक सेकंद लागतो. आणि तो घेतल्याचे आपल्याला कळेलच असे नाही. पेठमधला शिवणकाम करणारा असो की ग्रीलची नक्षी काढणारा, त्याने हे ध्यानात ठेवावे.

यावर आपल्यातले काही बुजुर्ग म्हणतील की बाबा, इमानाने धंदा करणाऱ्याला लपवायचे काय? सगळे उघडे ठेवावे. या म्हणण्याचा आम्ही आदर करतो, कारण अर्धवट दाखवून फसवण्याची परंपराही आपल्या बाजारांनी पाहिली आहे. हातावर रुमाल टाकून, रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची हत्ता पद्धत अनेकांना माहीत असेल. खरेदीदार आणि दलाल यांच्यात काय ठरले ते शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला कळायचे नाही. ज्याचा माल, त्याच्यापासूनच भाव झाकलेला! म्हणून बाजार समित्यांच्या नियमांनी उघड लिलावाचा आग्रह धरला, आणि लासलगावला कांद्याच्या ट्रॉलीपुढे सर्वांच्या देखत बोली होते ती त्यामुळेच. तेव्हा झाकणे हे काही आपोआप सद्गुण ठरत नाही, हे कबूल.

पण रुमाल आणि वहीवरचा तळहात यांत फरक आहे, आणि तो ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. रुमाल समोरच्याचा हक्क झाकत होता. तळहात तिसऱ्याची अब्रू झाकत होता. व्हिडिओ कॉलवर स्क्रीनचा तुकडा दाखवणाऱ्यानेही हाच फरक जपला पाहिजे. ज्या सौद्याबद्दल बोलणे चालू आहे त्यातले काहीही चौकटीबाहेर राहू नये, आणि त्या सौद्याबाहेरचे काहीही चौकटीत येऊ नये. हिशेब दाखवताना कोष्टकाचा मथळा, तारीख आणि खालची बेरीज, तिन्ही दिसलीच पाहिजेत. मधल्या चार ओळी दाखवून बेरीज चौकटीबाहेर ठेवणे, जमा झालेल्या अॅडव्हान्सचा रकाना नेमका कापणे, जुन्या दरपत्रकाची तारीख वगळून दर दाखवणे, हे कोरडे धान्य वर आणि ओले खाली ठेवण्यासारखेच आहे. मालाच्या फोटोत जिथे डाग आहे तिथेच नेमकी चौकट संपत असेल, तर त्याला काय म्हणतात ते वाचकांना सांगायला नको.

समोरच्याला शंका आली तर? त्याने 'सेठ, जरा वर घ्या, खाली घ्या' म्हटले, तर त्याच्या खात्याचे पान वर-खाली करून दाखवावे, तो त्याचा हक्क आहे. पण 'पूर्ण स्क्रीन दाखवा, बाकीच्यांना काय भाव दिला ते बघू द्या' असे कोणी म्हटले, तर सरळ नाही म्हणावे. जो आज दुसऱ्याचे खाते पाहायला मागतो त्याने उद्या आपलेही खाते कोणाला तरी दाखवले जाईल हे समजून घ्यायला हवे. आणि चांगला खरेदीदार हे समजतो. आपल्या नकाराने सौदा मोडेल ही भीती बहुतेक वेळा आपल्याच मनात असते.

कायद्याकडेही एक नजर टाकू. गिऱ्हाइकाचे नाव, मोबाइल नंबर, त्याची बाकी हे संगणकात असले की तो त्याचा वैयक्तिक डेटा ठरतो. त्याच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. सगळ्या तरतुदी एकदम लागू झालेल्या नाहीत, टप्प्याटप्प्याने होत आहेत. लहान दुकानदाराने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण वहीवर तळहात ठेवण्याची जी रीत आपण धंद्याची अदब म्हणून पाळत होतो, ती आता कायद्याच्या पुस्तकातही येऊन बसली आहे एवढे समजावे.

आता प्रत्यक्ष करायचे कसे? झूम हा प्रोग्रॅम लॅपटॉपवर असेल तर त्यात स्क्रीन शेअर करताना 'अॅडव्हान्स्ड' या भागात 'पोर्शन ऑफ स्क्रीन' असा पर्याय मिळतो. तो घेतला की स्क्रीनवर एक चौकट उमटते. तिच्या कडा माउसने ओढून लहान-मोठ्या करता येतात, चौकट हवी तिथे सरकवता येते, आणि समोरच्याला फक्त तिच्या आतले दिसते. वहीवरच्या तळहाताला सर्वांत जवळची सोय हीच. मोबाइलवरच्या झूममध्ये ती नाही, संगणकच लागतो. शिवाय कॉल ज्याने सुरू केला त्याने शेअरची परवानगी दिलेली असावी लागते. फुकटच्या झूमवर कॉल ४० मिनिटांत तुटतो, तेव्हा घरची खुशाली आधी विचारून घ्या आणि हिशेबाला वेळ ठेवा.

गुगल मीट ब्राउझरमध्ये चालवत असाल तर तिथे तीन पर्याय समोर येतात: एक टॅब, एक विंडो, किंवा पूर्ण स्क्रीन. हवी तशी चौकट ओढण्याची सोय त्यांत नाही, पण विंडो घेतली तरी निम्मे काम होते. पूर्ण स्क्रीनचे बटण मात्र विसरून जावे. विंडो शेअर करण्यात एक खुबी आहे. ज्या विंडोत एक्सेल आहे तीच समोर जाते, बाजूची टॅली किंवा व्हॉट्सअॅप जात नाही. ती विंडो आधी ओढून लहान करा, साधारण मोबाइल आडवा धरल्यासारख्या आकाराची, आणि आतली अक्षरे मोठी करा. कंट्रोलची कळ दाबून माउसचे चाक फिरवले की एक्सेलमध्ये आकडे मोठे होतात. एवढ्या दोन गोष्टींनी बांधकामवाल्याला साइटवर उभ्याने हिशेब वाचता येईल. मात्र विंडो खाली टास्कबारवर टाकू नका, बरेचदा समोरचे चित्र तिथेच गोठते आणि आपण बोलत राहतो.

ज्यांच्याकडे टीव्हीच जोडलेला आहे आणि जास्त खटपट करायची नाही, त्यांनी कॉलच्या आधी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन 'स्केल' १५० टक्के करावा. सगळेच मोठे दिसू लागते. अर्थात त्याने झाकले काही जात नाही. दुकानातला एखादा शिकलेला मुलगा असेल तर त्याच्यासाठी ओबीएस स्टुडिओ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. त्यात स्क्रीनचा हवा तेवढा तुकडा कापून तो 'व्हर्च्युअल कॅमेरा' म्हणून कॉलमध्ये देता येतो, म्हणजे ज्या प्रोग्रॅममध्ये चौकटीची सोय नाही तिथेही ती करता येते. पण खरे सांगायचे तर रोजच्या सौद्यांसाठी एवढा खटाटोप लागत नाही. कोणताही मार्ग घ्या, कॉलआधी निरोपांची टुणटुण बंद करण्याचे बटण दाबा आणि शेअर चालू असताना आपला कॅमेरा बंद ठेवा. आपला चेहरा त्याला रोज दिसतो. कमजोर नेटवर वाचलेली जागा आकड्यांना मिळू द्या.

कपड्याच्या व्यापाऱ्यांसाठी एक आडवी गोष्ट सांगून ठेवतो. रंगाचा सौदा स्क्रीनवर पक्का करू नये, मग तुकडा दाखवा की पूर्ण दाखवा. आपली स्क्रीन, मधला दाब आणि समोरचा मोबाइल अशा तीन हातांतून रंग जातो. मोरपंखी इकडून निघतो आणि तिकडे भलताच पोहोचतो. नक्षी कॉलवर ठरवा, रंगासाठी चिंधी पाठवा.

मोबाइलवरून स्क्रीन शेअर करणाऱ्यांना मात्र वेगळा इशारा द्यावा लागेल. व्हॉट्सअॅपने ऑगस्ट २०२३ मध्ये व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअरची सोय आणली. मोबाइलवर ती वापरली की येणारे निरोप, ओटीपी, उघडलेले अॅप, सगळे समोरच्याला दिसू शकते. अलीकडच्या काही अँड्रॉइड फोनांत एकच अॅप शेअर करण्याचा पर्याय मिळतो, आणि २०२४ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १५ मध्ये शेअर चालू असताना ओटीपीसारखे निरोप झाकले जातात. पण आपल्या हातातला फोन किती जुना आहे हे आपले आपल्याला ठाऊक. ठगांना हे आपल्या आधी कळले. एनीडेस्कसारखी अॅप उतरवायला लावून खात्यातून पैसे काढले जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. व्हॉट्सअॅपनेही ऑक्टोबर २०२५ मध्ये अनोळखी माणसाबरोबर स्क्रीन शेअर करू लागताच सावध करणारी सूचना आणली. बँकेतून बोलतो, जीएसटीच्या ऑफिसातून बोलतो, 'चाचा, स्क्रीन दाखवा, मी दुरुस्त करून देतो' असे कोणी म्हणाले, की फोन ठेवावा. त्याला पूर्ण नको आणि तुकडाही नको. पैसे गेलेच तर १९३० या नंबरवर लगेच तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळणे अवघड.

आता राहिला सराव. पहिल्यांदाच खऱ्या गिऱ्हाइकापुढे हे करू नये. दुपारी दुकान शांत असते तेव्हा लॅपटॉपवरून दुकानातल्याच दुसऱ्या मोबाइलला कॉल लावा, चौकट ओढून एक जुने बिल शेअर करा, आणि तो मोबाइल घेऊन रस्त्यावर उन्हात जा. तिथे उभे राहून बिलावरची तारीख आणि बेरीज चष्म्याशिवाय वाचता येते का ते पाहा. नाही आली तर परत या, चौकट अजून लहान करा.